घाटावरचा कॅमेरा आणि न आलेला कावळा

मुक्काम माहेर (पत्ता तुला ठाऊक आहे)
गौरी-गणपती उरकल्यावरचा शुक्रवार

तीर्थरूप सरूअक्काच्या पायांशी धाकट्या सावळारामचा नमस्कार पोचावा.

पत्र लिहिण्यास कारण की, तू फोन उचलत नाहीस. आम्ही इकडे सगळे ठीक. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींची साखर काय म्हणते? (दाजींनाच विचारलं तर ते 'बरंय' म्हणतात, आणि साखरेचं खरं सांगतील तर ते दाजी कसले.) आपल्या आण्णांची दशक्रिया झाली तेव्हापासून मी घोडेगावला फोन करतोय आणि दर वेळी दाजी उचलून 'ती मागं गोठ्यात गेलीय' म्हणतात. तुमच्याकडे म्हैस एक. एका म्हशीपायी माणूस उन्हाळ्यापासून भाद्रपदापर्यंत गोठ्यात राहत नाही, एवढं मलाही समजतं. शेवटी हर्षालीची आई म्हणाली, कागदावर लिहा. अक्का लहानपणी भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नव्हती, तेव्हा पत्र तरी वाचेलच. तर वाच. वाचून झाल्यावर काय करायचं ते कर. पण मधेच सोडू नकोस, कारण तुझ्या कामाचं आहे ते पुढं आहे, आणि मला लिहिताना वळणं घेत घेत जायची सवय आहे हे तुला नव्यानं सांगायला नको.

आधी कॅमेऱ्याचं सांगतो. आमची हर्षाली पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. मी तिला चित्रं काढायला पाठवलं होतं. माझी अपेक्षा एवढीच, की पोरगी चार देखावे काढील, एखादा शिवनेरी काढील, तो फ्रेम करून आपण बैठकीत लावू. मागच्या दिवाळीला ती घरी आली आणि म्हणाली, मला आपल्या दशक्रिया घाटावर सीसीटीव्ही बसवायचाय. मी म्हटलं, घाटावर चोरायला आहे काय, नारळ? तर म्हणाली की दुकानात, बँकेत, चौकात सगळीकडे आपण माणसावर डोळा ठेवतो, नदीवर कुणी ठेवत नाही. वर्षभर एकाच जागी कॅमेरा लावायचा, नदीचं काय होतं आणि नदीपाशी माणसं काय करतात ते नुसतं बघत राहायचं, आणि मग त्या फुटेजमधून कलाकृती करायची, म्हणजे लोकांना पर्यावरणाची जाणीव होईल. मी विचारलं, नदीकडं काय बघायचं, ती कुठं पळून चाललीय? 'चाललीय, बाबा,' एवढं बोलून ती आत भाकरी थापायला गेली. (तिला भाकरी येते. कॉलेजात बिघडलेली नाही.)

ग्रामपंचायतीनं परवानगी लगेच दिली, कारण प्रत्येक सदस्यानं आपापल्या मनातला कॅमेरा पाहिला. एकाला वाटलं वाळूचोर सापडतील, एकाला वाटलं बिबट्या दिसेल, एकाला वाटलं समोरच्या पार्टीचा पुतण्या घाटावर बाटली घेऊन बसतो ते गावाला दाखवता येईल. पर्यावरण हा शब्द ठरावात होता, पण तो कुणी वाचून दाखवला नाही. मग जुन्नरहून अमजद आला. सीसीटीव्हीचं काम करतो, बाजारपेठेत त्याचं छोटं दुकान आहे, वायर अशी सरळ ओढतो की बघत राहावं. शेडच्या खांबावर कॅमेरा चढवला, सोलरचं पॅनल लावलं, आणि हर्षालीला विचारलं काय काय दिसायला पाहिजे. ती म्हणाली, पिंडाचा दगड, पाणी आणि वरचं आभाळ. अमजद शिडीवरूनच म्हणाला, "आभाळ कशाला, ताई? आभाळातून चोर येत नाय." पण तिला पाहिजे होतं तसं करून दिलं.

गावाला कॅमेऱ्याची आधी भीती वाटली, मग सवय झाली आणि मग हौस आली. दशक्रियेला श्रद्धांजलीची भाषणं करणारी मंडळी शेडकडं तोंड करून बोलायची ती कॅमेऱ्याकडं करून बोलायला लागली, त्यामुळं दुःखी कुटुंबाला नुसत्या पाठी दिसायच्या. गुरुजी खिशात कंगवा बाळगायला लागले. कचरा टाकणाऱ्यांनी तर कमाल केली. त्यांनी सरळ अमजदलाच गाठून विचारलं की हा नक्की कुठपर्यंत बघतो. अमजद सरळ माणूस, त्यानं चपलेनं वाळूत रेघ ओढून दाखवली. आता कोंबडीची पिसं, टोमॅटोचे फुटके क्रेट, रानातला फाटका मल्चिंग पेपर, देवांच्या जुन्या तसबिरी, सगळं त्या रेघेच्या पलीकडं नीट पडलेलं असतं. रेघेच्या अलीकडं घाट असा स्वच्छ, की पाहुणे आले तर दाखवावा. मला लाज वाटली. हर्षालीला मात्र आनंद झाला, तिनं त्या रेघेचेही फोटो काढून घेतले. आम्ही घाण करायची आणि हिला त्यात कला सापडायची, असं आमचं वर्षभर चाललं आहे.

आता आण्णांच्या दशक्रियेकडं येतो. तू तिथं होतीस हे मला माहीत आहे, पण तुझे डोळे सगळा वेळ पाण्याकडं होते, त्यामुळं तुला बरंचसं दिसलेलं नाही. एरवी आपल्याकडं काय होतं, गाव शेडमध्ये प्रवचन ऐकत घड्याळाकडं बघत बसतं आणि पिंड घेऊन खाली दगडापाशी घरचीच चार माणसं जातात. कावळा शिवला का हे गावाला कळतं ते त्या चार माणसांनी वर येऊन सांगितल्यावर. आण्णा पडले माजी सरपंच. सगळी भावकी, निम्मं गाव आणि एक पुढारी, असे सगळेच खाली उतरले. पिंड ठेवला, सगळे मागं सरकले, माना वर केल्या. आभाळ रिकामं. तुला माहीत आहे, मी नारायणगाव स्टँडवर कंट्रोलर म्हणून जन्म घालवला. न आलेल्या गाडीची चौकशी करणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते माझ्या जिभेवर बसलेलं आहे. लोक माझ्याकडं बघायला लागले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'येईल, पाठीमागं आहे.' नशीब, प्लॅटफॉर्म नंबर नाही सांगितला.

मग सुरू झाली आश्वासनं. आण्णांची काय इच्छा राहिली असेल ती ओळखून एकेक जण हात जोडायला लागला. आपल्या भावकीतला सुनील म्हणाला, आण्णा, तंबाखू सोडतो. त्याचा मुलगा आदेश म्हणाला, लग्नाला तयार आहे, मुलगी तुम्ही ठरवाल ती. (ठरवणारे तर गेले, पण भावना चांगली होती.) भावकीतले बहिरूनाना म्हणाले, बांध जुन्या जागेवर सरकवतो. इतकी वर्षं 'बांध जागेवरच आहे' म्हणणारा माणूस, त्यामुळं भावकीनं कावळ्याकडं बघायचं सोडून बहिरूनानांकडं बघितलं. मी म्हणालो, दर चतुर्थीला लेण्याद्रीच्या पायऱ्या चढीन. (पायथ्याशी डोली मिळते, हे मी मनातल्या मनात जोडलं. आण्णांना ते कळलं असावं.) शेवटी पुढाऱ्यानंही घाटाच्या रस्त्याचं डांबरीकरण कबूल केलं, पण तेवढ्यावर तर माणसंही विश्वास ठेवत नाहीत.

आणि मग बायडाकाकी बोलली. आपली चुलती, वयानं मोठी, तिला कोण अडवणार? सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "म्हाताऱ्याचा जीव लेकीत अडकलाय. राग व्हता त्यांचा तिच्यावर. तिनं बोलावं."

अक्का, थंडीत तू आण्णांना न्यायला आली होतीस ते मी विसरलेलो नाही. त्यांचा दमा वाढला होता, तुझ्या घरापासून दवाखाना जवळ, खोली झाडून गादी घालून ठेवली होतीस. आणि आण्णांनी काय म्हणावं, तर 'लेकीच्या दारात मरायला येऊ का?' तू चहाचा कप तसाच ठेवलास आणि 'मग बसा गावाला धरून' म्हणून निघालीस. त्यानंतर दोघांनीही एकमेकांना फोन केला नाही, दोघंही एकाच मातीचे. मग आण्णा गेले. हे सगळं भावकीला माहीत होतं, म्हणून काकीनं बोट तिथंच ठेवलं. तू पुढं झालीस, पदर घेतलास आणि सगळ्या गावादेखत म्हणालीस, "आण्णा, माझं चुकलं. मी तसं बोलायला नको व्हतं. आता तरी शिवा." आम्ही सगळे वर बघत राहिलो. काहीच आलं नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि 'चला, मंडळी' म्हणाले. तू जेवायला न थांबता गेलीस. मला त्या वेळी काकीचा राग आला, गुरुजींचा आला, कावळ्याचा आला आणि सगळ्यात जास्त तुझा आला, कारण तू माझ्याकडं न बघता एसटीत बसलीस. आता राग उरलेला नाही. नुसतं फार वाईट वाटतं.

पुढचं तुला माहीत नाही. पोळ्याच्या सुमाराला सुनीलच्या खिशात त्याच्या बायकोला, अश्विनीला, तंबाखूची पुडी सापडली. (तिनं पँट धुवायला घेतली होती, असं ती म्हणते.) ती म्हणाली, आण्णांना शब्द दिलाय, विसरलात का? सुनील म्हणाला, कावळा शिवलाच नाही, म्हणजे आण्णांनी शब्द घेतलाच नाही, व्यवहार पुरा झाला नाही. यावर अश्विनीनं सांगितलं की कावळा शिवला होता. सगळे जेवायला वळले तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं, तर पिंडावर काळं काहीतरी बसलेलं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. सुनील म्हणाला, तेव्हाच का नाही सांगितलं? ती म्हणाली, तेव्हा मला कुणी विचारलं का? दोन दिवस त्यांच्या घरी स्वयंपाक झाला तो फक्त आदेशपुरता. तिसऱ्या दिवशी आदेशलाच सुचलं की एवढं भांडता कशाला, हर्षालीचा कॅमेरा आहे की तिथं. क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाकडं जातात तसं फुटेज बघू.

मला ही कल्पना पसंत नव्हती. बापाच्या पिंडाचं फुटेज चहा पीत बघायचं हे मनाला पटेना. पण भावकीत एकदा कळलं की कळलं. रविवारी आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. गुरुजींना शास्त्र सांगायला बोलावलं होतं. बायडाकाकी पुढच्या खुर्चीत सुपारी कातरत बसली. टीव्हीला वायर जोडायला अमजदला जुन्नरहून बोलावलं, तो जोडून निघाला होता, पण हर्षालीच्या आईनं त्यालाही चहाला बसवून घेतलं. हर्षालीनं फक्त एकदा विचारलं, 'नक्की बघायचंय ना?' आणि लॅपटॉप सुरू केला. या कॅमेऱ्याला आवाज नाही. आपण सगळे पडद्यावर आलो, तोंडं हलतायत, हात जोडलेले, माना वर. सुरुवातीला कुणाची साडी कशी दिसते, कोण किती जाड झालं, यावरच बोलणं चाललं होतं. तू पुढं आलीस तेव्हा मात्र हर्षालीच्या आईनं चहाचा ट्रे खाली ठेवला. मग माणसं वळली, जायला लागली, दगड एकटा राहिला. आणि खरंच, उजवीकडून काळं काहीतरी आलं, फडफडलं आणि पिंडावर बसलं.

"शिवला!" अश्विनी उभीच राहिली. सुनीलचा चेहरा पडला. गुरुजींनी हात जोडले, त्यांचं बघून सगळ्यांनी जोडले, अमजदनंही टोपी सारखी केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, अक्का, खोटं कशाला सांगू. मी तुला फोन लावायला उठलोही. तेवढ्यात हर्षालीनं चित्र मोठं केलं आणि दिसलं की तो मल्चिंग पेपरचा तुकडा होता. टोमॅटोच्या सरीवर अंथरतात तो प्लॅस्टिकचा कागद, वरून चंदेरी, खालून काळा. रेघेच्या पलीकडच्या ढिगातून वाऱ्यानं उडून आलेला.

यापुढं जे झालं ते लिहायला संकोच वाटतो, पण तू घरचीच आहेस. मल्चिंग पेपर शिवलेला चालतो का, यावर आपल्या भावकीत चर्चा झाली. अश्विनीचं म्हणणं, यंदा नदीकाठच्या रानात टोमॅटो आण्णांचाच होता, कागद आण्णांनी स्वतः अंथरलेला, म्हणजे तो दुसऱ्या कुणाचा निरोप कसा असेल? सुनील म्हणाला की शेजारच्या रानातही तोच कागद आहे, दुकान एकच. गुरुजींकडं सगळ्यांनी बघितलं. गुरुजी म्हणाले की ग्रंथात प्लॅस्टिकचा उल्लेख नाही, त्या काळी नव्हतं. निकाल लागेना. सुनीलनं तेवढ्यात खिशात हात घालून चिमूट काढलीही होती.

हर्षालीनं लॅपटॉप आपल्याकडं ओढला. ती म्हणाली, आता माझंही थोडं बघा. आणि तिनं तिची ती कलाकृती लावली. दिवाळीपासून त्या घाटावर जेवढ्या दशक्रिया झाल्या, त्या सगळ्यांतली नेमकी ती वाट बघायची वेळ तिनं एकापुढं एक जोडली आहे. दगड तोच, पाणी तेच (कमी कमी होत जातं, ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही). समोरची माणसं तेवढी बदलतात. एक घर जातं, त्याच जागी दुसरं उभं राहतं, आणि सगळ्यांच्या माना वर. मोठी माणसं, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया, परगावचे जावई. सगळे हात जोडून काहीतरी कबूल करतायत आणि वरच्या त्या मोठ्या आभाळात काहीही येत नाही. शेवटी दर वेळी गुरुजी खाली वाकतात आणि दर्भ लावतात. मी चित्रकलेतला अडाणी माणूस, पण मला ते बघवेना आणि नजरही काढता येईना.

हळूहळू एकेकाला आपापली माणसं ओळखू यायला लागली. बहिरूनानांच्या आईचं आलं. नानांनी मला स्टँडवर सांगितलं होतं की पिंडासाठी दोन कावळे भांडत होते. पडद्यावर नाना नुसते उभे होते, शेवटी त्यांनी रुमालानं तोंड पुसलं आणि वर निघाले. आळीतल्या आणखी दोघातिघांच्या दशक्रिया आल्या, तेच. गुरुजी कपातल्या चहाकडं बघत होते. त्यांना सगळंच ठाऊक होतं, पण घरोघरची लाज ती, त्यांनी कधी या घरचं त्या घरी सांगितलं नाही. आपल्या गावात कावळा बंद झाला होता आणि प्रत्येक घराला वाटत होतं की तो फक्त आपल्यावरच रुसलाय. म्हणून जो तो घाटाच्या पायऱ्या चढून वर आला की हसून सांगायचा, शिवला, लगेच शिवला. आण्णांचं तेवढं सगळ्यांसमोर झालं म्हणून झाकता आलं नाही.

मग काकीच्या घरचं, रखमाजीकाकांचं आलं. बायडाकाकीनं तेव्हा आळीभर सांगितलं होतं की पिंड ठेवायचा अवकाश, कावळा शिवला. पडद्यावर काकी चपला काढून उभी होती. बराच वेळ उभी होती. मग तिनं पिंडावरचं दही बोटानं सारखं केलं, जणू तेवढ्यासाठीच अडलं होतं, आणि परत वर बघायला लागली. बैठकीत अडकित्त्याचा आवाज थांबला. काकी उठली, दारापर्यंत गेली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "सरूला कळव. माझ्या मालकांनाबी न्हाई शिवला. मी खोटं बोलले समद्यांशी. आन् तिला मात्र चारचौघांत उभी केली." एवढं बोलून तिनं पायात चपला घातल्या त्या अश्विनीच्या, आणि कुणी तिला ते सांगितलं नाही.

त्यानंतर हर्षाली जे म्हणाली तेच तुला कळवायचं होतं, म्हणून एवढं लांबण लावलं. ती म्हणाली, "आजोबांना राग आलेला नाही, बाबा. कावळ्यांना बसायला फांदी नाही." तुला आठवतं, घाटावर करंज होते आणि तो वाकडा उंबर होता. संध्याकाळी त्यावर कावळ्यांची शाळा भरायची, आपल्याला कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही. शेड बांधायचं ठरलं तेव्हा ती सगळी झाडं गेली. ठराव आण्णांच्या सहीचा आहे. उद्घाटनाचा फोटो अजून पंचायतीत लागलेला आहे, मध्ये आण्णा, हातात नारळ, मागं कोरा पत्रा. त्यांनी वाईट हेतूनं केलं नाही, लोकांना उन्हात बसावं लागतं म्हणून केलं, आणि टाळ्या सगळ्या गावानं वाजवल्या. कावळा बसायला आणि फांदी मोडायला अशी म्हण आहे, आमच्या इथं फांदी आधीच मोडून झाली होती.

तेव्हा अक्का, आण्णा तुझ्यावर रागावले होते की नव्हते हे मी सांगू शकत नाही, कॅमेराही सांगू शकत नाही. पण त्या दिवशी तू एवढं बोललीस आणि ते ऐकूनही आले नाहीत, असं जे तू मनात धरून बसली आहेस, ते खरं नाही. तुझं ऐकून यायला तिथं कुणी नव्हतंच. जे आमच्या प्रत्येक घराला झालं तेच तुला झालं. आम्ही ते लपवलं, तुला लपवता आलं नाही, एवढाच फरक. हे मला तुझ्यासमोर बसून सांगायचं होतं, पण तू गोठ्यात आहेस.

बाकी इकडचं म्हणशील तर घाटावर करंजाची आणि उंबराची रोपं लावली. पहिली खेप बहिरूनानांच्या शेळीनं खाल्ली, तेही कॅमेऱ्यात आलं, त्यामुळं नानांना नाही म्हणता आलं नाही. आता काटेरी कुंपण केलंय. बांध अजून सरकलेला नाही. आदेशच्या लग्नाचं बघतोय. सुनील अंगणात तंबाखू खात नाही, रानात खातो. दाजींना नमस्कार, म्हशीला चारा, आणि तुला पाऊस उघडला की गुडघ्यांना तेल लाव असं हर्षालीच्या आईनं सांगितलंय.

तुझा,
सावळाराम

ता. क. एक विचारायचं राहिलं. हर्षालीला ती कलाकृती त्याच शेडमध्ये, पांढरा कपडा लावून, सगळ्या गावाला दाखवायची आहे. बाकीच्या घरांनी हो म्हटलंय, बायडाकाकीनं सगळ्यांत आधी. तुझा एक तुकडा आहे. त्या दिवशी सगळे वर गेल्यावर तू पिशवी विसरले म्हणून परत खाली गेलीस, ते. पिशवी तुझ्या खांद्यालाच होती, दिसते. तू तो प्लॅस्टिकचा कागद उचललास, घडी करून पिशवीत ठेवलास, मग दगडापाशी बसून बराच वेळ काहीतरी बोललीस. सगळ्या फुटेजमध्ये वर न बघता बोलणारी तू एकटी आहेस. भावकीला हे दाखवलेलं नाही, हर्षालीनं त्याआधीच ते फुटेज थांबवलं होतं, मी नंतर पाहिलं. आवाज नाही, त्यामुळं काय बोललीस ते कुणालाच कळणार नाही. ती म्हणते, आत्याला विचारल्याशिवाय लावणार नाही, आणि नको म्हणालीस तर पुसून टाकीन. मी म्हटलं, घरचीच आहे, विचारायचं काय त्यात? त्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. (हा गुण तुझ्याकडून गेलाय.)

ता. क. २. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? खरं काम वेगळंच आहे. पितृपक्ष तोंडावर आलाय. घास ठेवायचा तर कुणापुढं, हा गावापुढं प्रश्न आहे. मागच्या वर्षी गच्चीवर ठेवलेली पानं मांजरांनी खाल्ली, हे आता सगळे कबूल करतायत. दाजी फोन उचलतात तेव्हा मागं कावळ्यांचा असा कालवा असतो की दाजींचा आवाज ऐकू येत नाही. हे मी चुकून बहिरूनानांसमोर बोललो. तेव्हा सर्वपित्रीला आपली सगळी भावकी आपापली पानं घेऊन तुझ्या परसात यायची म्हणते. आदेश पिकअप काढतोय. गुरुजीही येतो म्हणालेत, बायडाकाकी पुढच्या सीटवर बसणार आहे. दाजींना विचारून गाडी कुठं लावायची ते कळव. जेवणाची तयारी करू नकोस, आम्ही घेऊन येतो, फक्त चहाचं बघ.

ता. क. ३. वर्ष सरायच्या आत आण्णांचा पितृपक्षातला म्हाळ घालता येत नाही हे मला माहीत आहे. गुरुजींना विचारलं, नुसतं पान ठेवायला हरकत नाही म्हणाले. आपल्या रीतीनं ते लेकानं त्याच्या घरी ठेवायचं, पण आमच्या दारात ठेवून खाणार कोण? म्हणून आण्णांचं पान तू वाढ, तुझ्या हातानं, तुझ्या दारात. जिवंतपणी बोलावलंस तर आले नाहीत. आता जेवायचं तर त्यांना तुझ्याकडंच यावं लागेल.